स्टॉल वेगळा, एका इंजिनावरची कोलांटी वेगळी

रिमोटवर उडवायचं दोन इंजिनांचं मॉडेल विमान जमिनीत घुसलं की मैदानावर उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: टिप स्टॉल, म्हणजे पंखाच्या टोकाची उचल गेली. संभाजीनगरला हेच ऐकतो, नांदेडला हेच ऐकतो, लातूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडूनही हेच. मग उपायही ठरलेले. नाकात शिसं भरा, पंखाच्या टोकाला वॉशआउट (कोन कमी करणारा पीळ) द्या, पुढच्या वेळी नाक कमी उचला. विमान पुन्हा जोडलं जातं, पुन्हा उडतं आणि पुन्हा तसंच पडतं, कारण मुळात ते स्टॉलने पडलेलंच नसतं. एक इंजिन बंद पडलेलं असतं आणि चालू राहिलेल्या दुसऱ्याने विमान उलटं केलेलं असतं. खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं: एक पंख खाली जातो, विमान कुशीवर होतं, दोन सेकंदांत खेळ संपतो. पण त्या दोन सेकंदांत डाव्या हाताने काय करायचं, हे दोन्हींत नेमकं उलट आहे. विमानं जातात ती इथे.

स्टॉल तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. पंख समोरच्या हवेला साधारण पंधरा अंशांपलीकडे तिरका झाला की वरच्या बाजूची हवा सुटते आणि उचल कोसळते. कारण कोनात असतं, वेगात नाही. वेगात असताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) कचकन ओढला तरी स्टॉल होतो. उपाय ट्रेनरवर, म्हणजे शिकायच्या विमानावर, शिकलेलाच: एलिव्हेटर सोडा, नाक खाली, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पुढे. एका इंजिनाच्या विमानाला हे पुरतं. पुढचं सगळं दोन इंजिनांचं.

बैलगाडीचा एक बैल थबकला आणि दुसरा ओढत राहिला, तर गाडी थबकलेल्या बैलाच्या बाजूला वळते. गाडीवान आधी काय करतो? ओढणाऱ्या बैलाचा कासरा खेचतो. दोन इंजिनांच्या विमानाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. डावं इंजिन बंद पडलं की उजवं विमानाला डावीकडे फिरवतं. आधी फक्त नाक सरकतं. मग उजवा पंख बाहेरून जास्त वेगाने फिरतो, त्याची उचल वाढते आणि डावा पंख खाली जायला लागतो. हे थांबवायला तुमच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रडर, नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी.

आणि रडरचा जोर वेगाच्या वर्गावर चालतो. विमान सेकंदाला 20 मीटरने जात असताना रडर जेवढा जोर लावतो, त्याच्या निम्माच जोर 14 मीटरला उरतो. चालू इंजिनाची ओढ मात्र वेग कमी झाला म्हणून कमी होत नाही. प्रॉपेलरची ओढ मंद वेगाला उलट थोडी वाढते. म्हणजे वेग उतरत गेला की एक क्षण असा येतो, जिथे पूर्ण रडर देऊनही नाक आवरत नाही. मोठ्या विमानांचे वैमानिक या वेगाला व्हीएमसी म्हणतात, किमान नियंत्रण वेग. प्रत्येक दोन इंजिनी विमानाला तो असतो, तुमच्या दीड मीटर पंखाच्या मॉडेललाही. पंख त्या वेळी पाच-सहा अंशांवर असेल, स्टॉलपासून कोसभर लांब असेल, तरीही विमान उलटेल.

आता हात. आपल्याकडे बहुतेक जण मोड 2 वर उडवतात, म्हणजे थ्रॉटल डाव्या काडीवर. स्टॉल समजून तुम्ही डावी काडी पुढे ढकलता. चालू इंजिन आणखी जोरात ओढतं, विमान आणखी झपाट्याने पलटतं. तुम्ही स्वतःच ते जमिनीत घातलेलं असतं. योग्य कृती उलटी आहे: डावी काडी मागे, अगदी आयडलपर्यंत (इंजिन जेमतेम फिरतंय एवढी). त्याच वेळी नाक खाली, रडर पलटण्याच्या विरुद्ध. दोन्ही बाजूंची ओढ गेली की विमान साधं ग्लायडर होतं, आणि ग्लायडर तुम्हाला उतरवता येतं. वेग आला की मग थ्रॉटल हळूहळू वाढवा, रडरने नाक सरळ राहतंय तेवढाच. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-38 लायटनिंगच्या वैमानिकांनाही टेकऑफला एक इंजिन गेलं तर हेच शिकवलं जायचं: आधी चालू इंजिनाची ताकद कमी कर, विमान सरळ कर, मग ताकद परत दे. जमिनीच्या इतक्या जवळ ताकद कमी करायची म्हणजे जीव वर-खाली होतो, म्हणूनच ते घोकून घ्यावं लागायचं. आपल्यालाही घोकावं लागतं.

एलेरॉनचा, म्हणजे विमान कुशीवर करणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांचा, मोह याहून वाईट. डावा पंख पडतोय म्हणून माणूस सहज उजवं एलेरॉन देतो. त्याने डाव्या पंखाचं एलेरॉन खाली झुकतं, तिथला अडथळा वाढतो आणि नाक आणखी डावीकडे ओढलं जातं. शिवाय त्या टोकाचा कोन वाढतो आणि ते टोक आता खरोखरच स्टॉल होतं. गोंधळ इथे पक्का होतो. शेवटचा अर्धा सेकंद खरंच टिप स्टॉल असतो, आणि बघणाऱ्याला तेवढाच दिसतो. कारण मात्र तीन सेकंद आधीचं असतं.

पडलेल्या विमानाकडे नीट बघितलंत तर ते खरं सांगतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचा चुरा गोळा करायच्या आधी दोन्ही प्रॉप (प्रॉपेलर) बघा. चालू असलेल्या इंजिनाच्या प्रॉपची दोन्ही पाती बुडापासून तुटलेली असतात, आणि स्पिनरवर, म्हणजे प्रॉपच्या मधल्या टोपीवर, मातीचे गोल ओरखडे असतात. बंद इंजिनाचं बहुधा एकच पातं मोडलेलं असतं, जे खाली होतं ते. कधी दोन्ही शाबूत असतात आणि स्पिनरवर ओरखडा एका रेषेत असतो. दोन्ही प्रॉप सारखेच तुटले असतील तर स्टॉल म्हणा, मी वाद घालणार नाही. एक शाबूत असताना कुणी टिप स्टॉल म्हणत असेल तर त्याला तो प्रॉप हातात द्या.

हवेत असताना ओळखायचं कसं? स्टॉलमध्ये नाक वर असतं, काड्यांना विमान ढिलं उत्तर देतं आणि पंख एकदम पडतो. इंजिन गेलं की आधी नाक आडवं सरकतं, पंख नंतर. पण डोळ्यांच्या आधी कान सांगतात. दोन इंजिनं शंभर-एक आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) फरकाने फिरत असली की आवाजात एक घुमारा येतो, सेकंदाला दोन-तीनदा चढणारा-उतरणारा. तो ऐकू येतोय तोवर दोन्ही जिवंत आहेत. तो तुटला की थ्रॉटल मागे घ्या, कुठलं इंजिन गेलं हे नंतर बघा.

यामुळेच दोन्ही इंजिनं टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजायच्या यंत्रावर) अगदी जुळवायचा जो अट्टहास चालतो, त्याची मला चीड आहे. मागे पडणाऱ्या इंजिनाची इंधनाची सुई आवळत आवळत दुसऱ्याच्या बरोबरीला आणतात. म्हणजे ते लीन करतात, त्याला इंधन कमी पाडतात. जमिनीवर दोन्ही सुरात वाजतात, विमान चढायला लागलं की लीन केलेलं तापून बंद पडतं. पन्नास-शंभर आरपीएमचा फरक रडरच्या ट्रिमने, म्हणजे कायमच्या बारीक दुरुस्तीने, भागतो. बंद पडलेलं इंजिन कुठल्याच ट्रिमने भागत नाही. प्रत्येक इंजिन वेगवेगळं, दुसरं बंद ठेवून, रिच बाजूला, म्हणजे इंधन जरा जास्त ठेवून, लावा. कमाल आरपीएमच्या तीन-चारशे खाली. नाक आभाळाकडे धरून पूर्ण थ्रॉटलवर तपासा. मग जास्त फिरणारं थोडं आणखी रिच करून दुसऱ्याच्या जवळ आणा. कमी फिरणाऱ्याला हात लावायचा नाही.

आपल्या उन्हाचाही यात वाटा आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून 580 मीटरच्या आसपास. मे महिन्यात दुपारी 42 अंशांना तिथली हवा एवढी विरळ होते की विमानाच्या लेखी ते 1700 मीटरवर उडत असतं. स्टॉलचा खरा वेग नऊएक टक्के वाढतो. इंजिनाची ओढ कमी होते, म्हणून व्हीएमसी खाली येतो. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण त्याने दोन्ही वेग एकमेकांना येऊन भिडतात. मग एका इंजिनावर रडर अपुरा पडतोय हे कळायच्या आतच स्टॉल होतो, आणि एकीकडून ओढ असताना झालेला स्टॉल थेट स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत पडण्यात, जातो. दोन इंजिनांचं विमान उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडवा. सुईही त्याच वेळी लावा, आदल्या संध्याकाळच्या सुईवर विसंबू नका.

किट जोडताना काय करता येतं, तर पुष्कळ. फक्त ज्यावर सगळे भरवसा ठेवतात त्याने नाही. दोन्ही इंजिनांची तोंडं दोन-दोन अंश बाहेर फिरवली, म्हणजे आउटथ्रस्ट दिला, की एका इंजिनावर विमान सरळ जातं, असं छातीठोक सांगितलं जातं. हिशेब करा. इंजिन मध्यरेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर आणि गुरुत्वमध्यापासून 15 सेंटिमीटर पुढे आहे. दोन अंशांनी ओढीची रेषा गुरुत्वमध्याकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकते. वीसचे साडेएकोणीस झाले. द्यायचा तर द्या, पण त्याच्या जिवावर राहू नका. किटमधला रडर मागच्या कडेला दीड-दोन सेंटिमीटर रुंद करा, त्याला ताकदीचा सर्व्हो (फळी हलवणारी मोटर) लावा, हालचाल दोन्हीकडे पूर्ण ठेवा. स्केल, म्हणजे मूळ विमानाचं प्रमाण, बिघडतं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. बी-25 सारखं दोन उभ्या शेपट्यांचं विमान निवडलंत तर आणखी बरं. चालू इंजिनाचा वारा त्या बाजूच्या रडरवर येत राहतो, आणि मंद वेगालाही तिथे थोडा जोर शिल्लक असतो. एका शेपटीच्या डाकोटाला हे सुख नाही. तरी 27 ऑक्टोबर 1947 ला भारतीय सैन्य घेऊन श्रीनगरला उतरलेलं विमान म्हणून डाकोटाचं वेड आपल्याकडे आहे, ते मला समजतं.

जुनं मॉडेल माळ्यावरून काढून दुरुस्त करणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. आधी कव्हरिंग (पंखावरचं आवरण), मग रंग, मग वायुसेनेचे तिरंगी गोल, आणि टाकीतली नळी मात्र दहा वर्षांपूर्वीचीच, हा क्रम मी वारंवार बघतो. टाकीच्या आतली, वजनाच्या गोळीला जोडलेली नळी बाहेर काढून बोटांत वाकवा. ताठ झालेली असेल, पितळी नळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर असेल. त्या चिरेतून हवा जाते, इंधनात बुडबुडे येतात, इंजिन लीन होऊन थांबतं. एका इंजिनाच्या विमानात ही चीर म्हणजे एक ग्लाइड लँडिंग. इथे ती म्हणजे कोलांटी. दोन्ही टाक्यांच्या सगळ्या नळ्या नव्या सिलिकॉनच्या घाला. टाकीची मध्यरेषा सुईच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र टाकी हवी, आणि टायमर असा लावा की दोन्हींत इंधन शिल्लक असतानाच विमान खाली येईल, कारण दोन टाक्या एकाच क्षणी कधीच संपत नाहीत. इंजिनामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन जिला बसवतात ती लाकडी फळी, नखाने खरवडा. तेल पिऊन मऊ पडली असेल तर ती बदला, वरून इपॉक्सी फासू नका. तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. एरंडेलाने जाम झालेलं इंजिन स्पॅनरने फिरवू नका, आधी हीटगनने तापवा.

विजेच्या मोटरींवर गेलात तर निम्मी कटकट कमी होते, आणि नवख्याला मी तेच सांगेन. दोन्ही ईएससींना (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटांना) एकच बॅटरी द्या. दोन वेगळ्या बॅटऱ्या दिल्या की एक आधी दमते, आणि परत तेच दुखणं. दोन्ही ईएससींना बीईसी (रिसीव्हरला वीज देणारा भाग) असेल तर एकाची लाल तार रिसीव्हरपासून सोडवा.

बाकीच्या गोष्टींवर फार डोकं खपवू नका. दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरवायचे की उलटसुलट, कुठलं इंजिन क्रिटिकल, म्हणजे गेलं तर जास्त त्रास देणारं, या चर्चा मोठ्या विमानांसाठी महत्त्वाच्या आहेत. आपल्या आकाराला डावं गेलं काय नि उजवं गेलं काय, करायचं तेच.

सराव मात्र करा, आणि उंचीवर करा. दोन्ही थ्रॉटलना वेगळे चॅनल द्या, एका स्विचवर एक इंजिन आयडलला जाईल असं मिक्स बांधा. सोयाबीन निघाल्यावर मोकळं रान मिळतं. विमानतळापासून लांबचं बघा, चिकलठाण्याच्या आसपास तर नकोच. शंभर मीटरवर जाऊन स्विच ओढा आणि डावा हात आपोआप मागे येईपर्यंत हे करत राहा. मित्राला न सांगता स्विच ओढायला लावा, तेव्हा हात खरा कळतो.

खरोखर इंजिन गेलं तर नेहमीपेक्षा वेगात या, फ्लॅप शेवटपर्यंत नको, आणि एकदा उतरायला घेतलंत की उतराच. पट्टी चुकतेय म्हणून एका इंजिनावर पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जायचं नाही. सगळ्यात जास्त विमानं या एका क्षणी गेलेली मी बघितली आहेत. पट्टीपर्यंत पोचत नसेल तर पंख सपाट ठेवून समोरच्या तुरीत बसवा. दोन-चार झाडं मोडतील, मालकाला भेटून पैसे द्या. विमान आठवड्यात परत उभं राहील.