सिरो सर्व्हेसाठी अर्ज कुठे करायचा? निवड कशी होते, कोण पात्र, कोणते कागद लागतात

सिरो सर्व्हे म्हणजे किती लोकांना लागण होऊन गेली हे रक्त तपासून पाहणारी पाहणी. तिच्यासाठी फॉर्म नसतो. सेतू केंद्रात नाही, महापालिकेत नाही, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही नाही. पैसे घेऊन कोणी यादीत नाव घालून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मात्र या पाहणीची स्वतःची रीत, पात्रता आणि कागद आहेत. पुढच्या साथीत पथक दारात आले, तर ते आपल्याला ठाऊक असलेले बरे.

ताप आला नाही, स्वॅब दिला नाही, तरी लागण होऊन गेली असे पुष्कळांचे होते. रोजच्या पॉझिटिव्हच्या आकड्यात ही माणसे येत नाहीत. रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार झाल्या आहेत का, हे तपासले की ती सापडतात. कोविडच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, अशा चार देशव्यापी फेऱ्या घेतल्या. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत प्रौढांमधले अँटिबॉडी असलेल्यांचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत, लसीकरण सुरू झाल्यानंतर, सहा वर्षांवरील लोकांत ते ६७.६ टक्क्यांवर गेले होते.

कोल्हापूर त्यात होते का?

नव्हते. २१ राज्यांतल्या ७० जिल्ह्यांत महाराष्ट्रातले बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली होते. जयसिंगपूरच्या माणसाला हे खटकेल. सांगली हाकेच्या अंतरावर, २०२१ च्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यात रुग्ण धडाधड वाढत होते, तरी पथक हद्दीच्या पलीकडेच. त्याचे कारण असे, की जिल्हे २०२० च्या एप्रिलमधल्या रुग्णसंख्येनुसार गट पाडून निवडले होते आणि पुढच्या फेऱ्यांत तेच कायम ठेवले. जिल्हे बदलले असते, तर आधीच्या आकड्याशी तुलनाच झाली नसती. माझ्या मते हे बरोबरच होते. पण त्यामुळे कोल्हापूरचे चित्र त्या आकड्यांतून कळत नाही, हेही खरे. चौथ्या फेरीत मध्य प्रदेश ७९ टक्के, महाराष्ट्र ५८ आणि केरळ ४४.४, इतका फरक होता. म्हणून २८ जुलै २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना आयसीएमआरच्या सल्ल्याने जिल्हा पातळीवर पाहणी करायला सांगितले. पुढे कधी आपल्याकडे पथक आले, तर ते बहुधा अशाच पाहणीचे असेल.

निवड आणि पात्रता

राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक जिल्ह्यातून दहा गावे किंवा वॉर्ड चिठ्ठी काढावी तसे निवडले आणि प्रत्येक ठिकाणी ४० जणांचे रक्त घेतले. आजारी पडलात की नाही, लस घेतली की नाही, याचा निवडीशी संबंध नव्हता. पहिल्या फेरीत फक्त प्रौढ होते, दुसऱ्यापासून दहा वर्षांवरील मुले आली, चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील. वेगळ्या गटात आरोग्य कर्मचारीही होते.

“आमच्या तालमीतल्या सगळ्या पोरांचे रक्त घ्या” असा आग्रह प्रेमापोटी होतो, पण तो धरू नका. ज्यांना लागण होऊन गेल्याची शंका असते तेच आपणहून पुढे येतात, आणि मग आकडा फुगतो. तितकेच नुकसान निवडलेल्या घराने दार लावून घेतल्याने होते. शिवाजी पेठेतले एक घर नाही म्हणाले, तर त्या घरासारख्या हजारो घरांची नोंद पुसट होते. म्हणून तुमची निवड झाली तर कृपा करून रक्त द्या. चार-पाच मिलिलिटर रक्ताने अशक्तपणा येत नाही.

कागद आणि संमती

रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांवर पात्रता ठरत नाही. हाताशी ठेवायचे ते लसीचे प्रमाणपत्र आणि आधी झालेल्या तपासणीचा रिपोर्ट, कारण प्रश्नावलीत लक्षणे, संपर्क, चाचणी आणि डोस विचारले जातात. तारखा आठवून सांगण्यापेक्षा बघून सांगितलेल्या चांगल्या.

महत्त्वाचा कागद पथकाकडचा असतो, तो म्हणजे माहितीपत्रक आणि संमतीपत्र. मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. रक्ताचे काय होणार, नाव गुप्त राहणार का, रिपोर्ट मिळणार का, हे सहीआधीच विचारा. संमती ऐच्छिक असते, दिलेली मागे घेता येते, आणि संमतीपत्राची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. मुलांसाठी आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो. मूल नको म्हणत असेल तर त्याचा हात धरून बसवू नका.

ओळखपत्र बघा. शंका वाटली तर गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा, शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला. ओटीपी, बँकेचा तपशील किंवा शुल्क यांपैकी काहीही मागितले, तर तो सर्व्हे नव्हे. तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा.