अंग भिजलं तर धुकं फसलं

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की लग्नाच्या लॉन्सवर आणि झाडाखाली टेबलं मांडलेल्या मिसळीच्या ठिकाणी फवाऱ्याचे पंखे लागतात. काहींसमोर उभं राहिलं की जिवाला थंडावा मिळतो. काहींसमोर मात्र चष्म्यावर थेंब जमतात, शर्ट पाठीला चिकटतो आणि उकाडा होता तसाच राहतो. हा सगळा खेळ थेंबाच्या आकाराचा आहे.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि हवेत उडणारा थेंब ती हवेतूनच घेतो. एक लिटर पाणी असं उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकायला दीड टनाच्या एसीला साधारण साडेसात मिनिटं लागतात! अट एकच, थेंब हवेतल्या हवेत विरला पाहिजे.

एक लिटर पाण्याचे 1 मिलिमीटरचे थेंब केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 6 चौरस मीटर भरतो. तेच थेंब 20 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे केले की 300 चौरस मीटर. शिवाय थेंबाचा व्यास निम्मा झाला की विरायला लागणारा वेळ साधारण पावपट होतो. इतकं बारीक धुकं नळाच्या दाबावर होत नाही. त्याला सुमारे 70 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास सत्तरपट दाबाचा पंप आणि अगदी बारीक छिद्राचा नोझल लागतो. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. नोझल झिजला की थेंब जाड पडतो आणि औषध पानावरून ओघळतं. बागेत थेंब पानापर्यंत पोचायला हवा, इथे मात्र तो आपल्यापर्यंत पोचताच कामा नये.

दुसरी गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त सुमारे 22 अंशांपर्यंत उतरू शकते. उघड्यावर गरम वारा मिसळत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा गारवा मिळत नाही, पण फरक चांगला जाणवतो. जूनमध्ये 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता झाली की ही मर्यादाच 27 वर येते. शिवाय हवेत आणखी ओल भरल्याने घामही वाळत नाही. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा लावलेला बरा. चारही बाजूंनी कनाती लावलेल्या मांडवात तर भर मेमध्येही हीच गत होते.

पाण्याच्या स्वच्छतेकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मला सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नोझलमध्ये साचले की धुक्याऐवजी ठिबक सुरू होते, ते निदान दिसतं तरी. उन्हात तापलेल्या, साचलेल्या टाकीत वाढणारा लिजिओनेला हा जिवाणू दिसत नाही; बारीक थेंबांबरोबर तो थेट फुप्फुसात जातो आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. 1989 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका दुकानात भाजी ताजी ठेवणाऱ्या फवाऱ्यातून अशीच साथ पसरली होती. म्हणून रोज काम संपल्यावर टाकी आणि नळ्या रिकाम्या करायच्या, टाकी घासून वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी पिण्याचंच ताजं पाणी भरायचं.