बाटलीखालचा त्रिकोण काय सांगतो?

शॅम्पूची बाटली उलटी केली की तळाशी बाणांचा त्रिकोण दिसतो, आत एक आकडा. ‘हे प्लास्टिक पुनर्वापरातून आलंय’ किंवा ‘ते नक्की पुन्हा वापरलं जाणार’ असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षं लावला जातो. दोन्ही चूक.

तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1988 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण आणली, ती वर्गीकरण सोपं व्हावं म्हणून. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 7 म्हणजे ‘इतर’. बाणांमुळे गैरसमज होतो म्हणून 2013 मध्ये मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला. जुने साचे मात्र अजून चालू आहेत.

पुढचं नशीब बाटलीच्या घडणीवर ठरतं. लोशनच्या पंपात बहुधा धातूची स्प्रिंग असते, ती प्लास्टिकमध्ये मिसळून चालत नाही. थर चिकटवलेली ट्यूब वेगळी करणं फार कठीण. कार्बनमुळे काळी झालेली डबी तर इन्फ्रारेड किरणांनी प्लास्टिक ओळखणाऱ्या यंत्रांना बहुतेकदा ओळखताच येत नाही, आणि दिसायला तीच सगळ्यात उंची! भंगारवाला 2 क्रमांकाची बाटली आनंदाने घेतो, ट्यूब परत करतो. पुनर्वापरातलं प्लास्टिक हवं असेल तर वेष्टनावर त्याची टक्केवारी शोधा, आणि ती बाटलीची आहे की झाकणासकट, हेही वाचा.