पार्श्वभूमी: म्युझियममधला निळा खोका आणि 'सिम्युलेटर' हा शब्द

विमानांच्या म्युझियममध्ये ट्रेनिंगचा कोपरा असला की तिथे बहुतेक वेळा एक बुटकं निळं विमान दिसतं, पिवळे पंख, जत्रेतल्या चक्रावरून उचलून आणल्यासारखं. हाच लिंक ट्रेनर, जमिनीवर बसून विमान चालवायला शिकायचं यंत्र. पाटीवर बरेचदा 'पहिला फ्लाइट सिम्युलेटर', म्हणजे उड्डाणाची नक्कल करणारं पहिलं यंत्र, असं असतं, लोक फोटो काढतात आणि पुढे फायटर बघायला जातात. आता 'पहिला' वादाचा आहे आणि 'सिम्युलेटर' तर त्याहून जास्त.

'पहिला'चं पटकन उरकतो. १९१० च्या सुमाराला फ्रान्समध्ये 'आंत्वानेत' नावाचं विमान चालवायला शिकवताना अर्धं कापलेलं पिंप वापरायचे, शिकणारा वर बसायचा, बाहेरची माणसं दांडे धरून पिंप हलवायची आणि याने बाजूची चाकं फिरवून तोल सावरायचा. मग पहिल्या महायुद्धातले पेंग्विन, म्हणजे पंख छाटलेली ब्लेरिओ विमानं, जी मैदानभर धावायची पण उडायची नाहीत. १९१७ ला इंग्लंडात गॉसपोर्टला बोलायची नळी आली, हेल्मेटला जोडलेली, त्यामुळे इन्स्ट्रक्टरला हवेत असताना शिकवता यायला लागलं. या नळ्या काचेच्या कपाटात असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

आता निळा खोका. १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला ऑर्गन हे वाद्य बनवणाऱ्या एकाच्या मुलाने, एड लिंकने, तो बनवला, वडिलांच्या कारखान्यातलेच भाते आणि व्हॅक्युम पंप वापरून. भात्यातली हवा शोषली की खोका वाकणार, सोडली की उठणार. १९३१ च्या पेटंटचं नावच सांगून जातं: शिकाऊ वैमानिकांसाठी ट्रेनिंगचं साधन आणि करमणुकीचं यंत्र, दोन्ही एकत्र. सुरुवातीचं गिऱ्हाईक होतं अ‍ॅम्युझमेंट पार्क. सैन्याने ढुंकूनही बघितलं नाही.

मग फेब्रुवारी १९३४. अमेरिकन सरकारने विमानाने टपाल न्यायचं काम खाजगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या हवाई दलाकडे दिलं, तेही ऐन हिवाळ्यात. अपघातांची रांग लागली आणि काही महिन्यांत डझनभर वैमानिक गेले. हवामान वाईट होतं, विमानं जुनी होती, हे सगळं खरं, पण माझ्या मते मूळ दोष ट्रेनिंगचा. कारण १९२९ मध्येच एका वैमानिकाने पूर्ण झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त डायल बघून टेकऑफ आणि लँडिंग करून दाखवलं होतं. जमतं हे माहीत होतं, शिकवलं जात नव्हतं. अपघातांनंतर १९३४ मध्येच सैन्याने सहा लिंक घेतले, ३,५०० डॉलरला एक.

इथून तो शब्दाचा गुंता सुरू होतो. लिंकमध्ये बसलं की वर झाकण बंद, बाहेरचं काही दिसत नाही. खरं विमान नीट वळतं तेव्हा माणूस सीटमध्ये दाबला जातो, कडेला कलल्यासारखं वाटत नाही. लिंक मात्र नुसता कलतो, म्हणजे अंगाला जे जाणवतं ते चुकीचंच. पण ढगात तरी काय वेगळं होतं? वळण बराच वेळ चाललं की आतल्या कानाला त्याची सवय होते आणि आपण सरळ चाललोय असं वाटायला लागतं, त्यामुळे शिकायचं हेच होतं की अंग काय सांगतंय ते सोडा, डायल काय सांगतंय ते बघा. म्हणून मला हा खोका उड्डाणाची नक्कल वाटतच नाही, ती अविश्वासाची तालीम होती. 'ट्रेनर' हे मूळ नावच बरोबर आहे, फक्त तोच शब्द ट्रेनिंगच्या खऱ्या विमानालाही असल्यामुळे पाटी लिहिणारे बहुधा 'सिम्युलेटर'कडे वळतात.

आणि अर्धं यंत्र तर खोक्याबाहेर होतं. इन्स्ट्रक्टरच्या टेबलावर नकाशा आणि त्यावर तीन चाकांचा एक छोटा 'खेकडा', विद्यार्थी जसा उडवेल तसा तो चालायचा आणि त्याचं शाईचं चाक रेघ काढत जायचं. इन्स्ट्रक्टर हेडफोनवर रेडिओ बीम, म्हणजे खऱ्या उड्डाणात वाट दाखवणारे आवाज, पाठवायचा, एका बाजूला गेलात तर मोर्सच्या टिंब-रेघेच्या लिपीतला ए, दुसऱ्या बाजूला एन, बरोबर मधोमध आलात की दोन्ही मिसळून सलग सूर. झाकण उघडल्यावर नकाशावरची वाकडी रेघ समोर, वाद घालायला जागा नाही. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर वैमानिक या यंत्रावर शिकले असं सांगतात. मला विचाराल तर जपायची मुख्य वस्तू हे टेबल आहे, खोका नंतर.

त्याच काळातली विमानांची काळी, १:७२ मापाची मॉडेल्स बघा, लांबून विमान ओळखायला शिकवणारी. १९४२ मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांकडून ती लाखांनी बनवून घ्यायची योजना होती. ३५ फुटांवर धरलं की साधारण अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढं दिसतं. नजरेची खरीखुरी नक्कल, पण त्याला सिम्युलेटर कोणी म्हणत नाही.

हा शब्द रुळला तो युद्धानंतर, इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर. १९४८ चा स्ट्रॅटोक्रूझर या प्रवासी विमानाचा सिम्युलेटर अजिबात हलत नव्हता, पण विमानाची गणितं सोडवत होता, लिंकच्या बरोबर उलट. १९४४ मध्ये तर ट्रेनरसाठी म्हणून सुरू झालेलं एक काम वाढत वाढत व्हर्लविंड कॉम्प्युटर होऊन बसलं आणि कॉकपिट बाजूलाच राहिलं. त्याच्या मेमरीचे तुकडे आज कॉम्प्युटरच्या दालनात असतात.

लिंक चालू ठेवायचा की नुसता ठेवायचा हा वादही आहे. भात्याचं कापड कडक होऊन फाटतं, चालवायचा तर ते बदलावं लागतं आणि मूळ वस्तू जाते. त्यात त्या काळच्या डायलवर बरेचदा रेडियमचा रंग असतो, त्याची चमक कधीच गेलेली पण किरणोत्सर्ग तसाच. डायल काढून सील करून ठेवले तर सुरक्षित, पण मग विद्यार्थी ज्याच्याकडे बघायला शिकायचा नेमकं तेच खोक्यात उरत नाही.