लाल पेशींचा अर्क लॅबमध्ये आला कुठून

लाल पेशी फोडून आतलं सामान वापरायची पद्धत जुनी आहे, कारण सस्तन प्राण्यांच्या पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत न्यूक्लियस नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, पसाराच कमी. 1925 मध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी या पेशींमधली चरबी अॅसिटोनने काढून पाण्यावर पसरवली, तर पेशीच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली, म्हणजे पडदा दोन थरांचा. गंमत अशी की चरबी पूर्ण निघालीच नव्हती आणि पृष्ठभागही कमी मोजला गेला होता, पण दोन्ही चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं!

पण आज लॅबमध्ये पेशीबाहेर प्रोटीन बनवायला जे "लायसेट", म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, वापरतात ते बऱ्याचदा सशाच्या रेटिक्युलोसाइटचं, म्हणजे अजून पूर्ण न पिकलेल्या लाल पेशीचं. सशाला फिनाइलहायड्रेझिनसारखं औषध देऊन अ‍ॅनिमिक करतात, मग त्याच्या रक्तात अशा कच्च्या पेशी भरपूर येतात, त्या धुवून थंड पाण्यात फोडायच्या, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरचं लाल पाणी घ्यायचं. न्यूक्लियस गेलेलं असतं पण रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं, जोरात चालू असतात. 1961 मध्ये डिंट्झिस यांनी याच पेशींमध्ये दाखवलं की प्रोटीन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने विणलं जातं.

अडचण एकच, आत आधीच ग्लोबिनचे (हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीनचे) एमआरएनए, म्हणजे कुठलं प्रोटीन विणायचं ते सांगणारे संदेश, ठासून भरलेले, मग तुम्ही टाकलेल्या एमआरएनएला कोण विचारतो? 1976 मध्ये पेलहम आणि जॅक्सन यांनी यावर झकास तोडगा काढला. कॅल्शियम असेल तरच चालणारं न्यूक्लिएज, म्हणजे आरएनए कापणारं एन्झाइम, घातलं, जुने एमआरएनए साफ केले आणि मग ईजीटीए नावाचं रसायन टाकून कॅल्शियम पकडून ठेवलं, एन्झाइम बंद. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर युक्ती हीच.

त्याच सुमारास हैफाच्या टेक्निऑनमध्ये हर्ष्को आणि चिखानोव्हर उलटं काम बघत होते, प्रोटीन तुटतं कसं. त्यांनी लायसेट कॉलममधून गाळून त्याचे दोन भाग केले, तर एकट्या कुठल्याच भागाला काम जमेना, दोन्ही एकत्र केले तरच जमायचं. एका भागात हिमोग्लोबिनच हिमोग्लोबिन, म्हणून तो चक्क उकळला, हिमोग्लोबिन गाळासारखं खाली बसलं आणि वर एक छोटं, उष्णतेला न जुमानणारं प्रोटीन शिल्लक राहिलं. 1980 मध्ये कळलं की ते युबिक्विटिन, तोडायच्या प्रोटीनला खूण म्हणून चिकटणारं, आणि 2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल या दोघांना आणि अर्विन रोझ यांना मिळालं.

हिमोग्लोबिनचा त्रास मात्र अजून आहे, प्रोटीन साइजप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर लायसेट चढवलं की खालच्या बाजूला ग्लोबिनचा जाड पट्टा येतो आणि तुमचं प्रोटीन नेमकं त्याच साइजचं असेल तर डोकेदुखीच.