ऑटोइम्यून हिपॅटायटिस: निदानानंतरचं पहिलं वर्ष

रिपोर्टवर ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’ असं छापून आलं की घरातले प्रश्न ठरलेले असतात. दारूचा थेंब नाही, मग लिव्हर कसं बिघडलं? कावीळ आहे, तर ताटवाटी वेगळी करायची का? आणि पथ्य काय पाळायचं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. हा आजार दारूमुळे होत नाही आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. पथ्याचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण खरा घोळ तिथेच होतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींनाच परकं समजते. यकृत हे सूक्ष्म खंडांचं बनलेलं असतं. खंडाच्या कडेला, जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जातात तिथे, टी-पेशी आणि प्लाझ्मा पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि यकृतपेशी मारत कडेकडून आत सरकतात. मेलेल्या पेशींमधली एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स रक्तात उतरतात, म्हणून ती रिपोर्टमध्ये वाढलेली दिसतात. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मेलेल्या जागी तंतुमय जाळं तयार होतं, त्याचं टोक म्हणजे सिरॉसिस. निदान होतं त्या दिवशीच प्रौढ रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना सिरॉसिस झालेला असतो, कारण तोवर थकवा आणि थोडी सांधेदुखी यापलीकडे अनेकांना काही जाणवलेलंच नसतं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार तीन-चार पट जास्त आढळतो आणि तो कोणत्याही वयात होतो.

‘फक्त रक्त तपासून का सांगत नाहीत?’ असं अनेकांना वाटतं. एकट्याने निकाल देईल अशी रक्ततपासणी या आजारासाठी नाही. एएनए ही अँटिबॉडी तर धडधाकट माणसांतही कमी प्रमाणात सापडते. म्हणून डॉक्टर चार गोष्टी जुळवून बघतात: एएनए, एएसएमए यांसारख्या अँटिबॉडी, रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडींचा एक मुख्य प्रकार), विषाणूजन्य कावीळ नसल्याची खात्री आणि बायोप्सी, म्हणजे यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणं. २००८ साली आलेल्या सोप्या गुणपद्धतीत या प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन गुण आहेत. बेरीज सहा आली तर निदान संभाव्य, सात किंवा अधिक आली तर निश्चित.

बायोप्सीची धास्ती असते, पण प्रत्यक्षात ती थोडक्यात आटोपते. आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची हे डॉक्टर सांगतात. उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत सुई घालतात. नमुना घ्यायला काही सेकंद लागतात, पुढचे काही तास मात्र पडून राहावं लागतं. त्या दिवशी उजवा खांदा दुखला तर दचकू नये. यकृताचं आवरण आणि श्वासपटल यांच्या संवेदना खांद्याच्याच नसांच्या वाटेने जातात. दुखणं वाढत गेलं, चक्कर आली किंवा घाम फुटला, तर लगेच कळवायचं.

आता औषधांकडे येऊ. स्टेरॉईड हा शब्द ऐकून अर्धं घर विरोधात जातं, म्हणून आधी थोडा इतिहास. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये यकृतरोगतज्ज्ञ शीला शेरलॉक यांच्या गटाने १९७१ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. स्टेरॉईड मिळालेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले, न मिळालेल्या २७ पैकी १५. आज या आजारात स्टेरॉईड विरुद्ध काहीच नाही अशी तुलना कोणी करत नाही, त्यामागे असे आकडे आहेत. स्टेरॉईडचे दुष्परिणाम खरे आहेत, पण ते बहुतेक करून डोस आणि काळ यांवर ठरतात. म्हणूनच जोरात सुरू करून शक्य तितक्या लवकर खाली आणायचं, अशी सगळी आखणी असते.

साधारण डोस वजनाच्या किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉईड) असतो, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ३० ते ६० मिलिग्रॅम. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. दर आठवड्याला डोस उतरवत, प्रतिसाद चांगला असेल तर दहाव्या आठवड्याच्या सुमारास १० मिलिग्रॅमपर्यंत येतात. साधारण दोन आठवड्यांनंतर अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडतात, बहुधा ५० मिलिग्रॅमने सुरुवात करून. पुढे यकृत शांत ठेवण्याचं मुख्य काम हेच औषध करतं आणि स्टेरॉईडला मागे सरता येतं. सिरॉसिस नसलेल्या काहींना प्रेडनिसोलोनऐवजी बुडेसोनाइड देतात. ते बरंचसं यकृतातच निकामी होतं, त्यामुळे बाकी शरीराला त्याची झळ कमी लागते. सिरॉसिसमध्ये मात्र ते यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं, म्हणून तिथे ते देत नाहीत.

स्टेरॉईड सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घेतल्या आहेत का, हे स्वतः विचारावं. एक म्हणजे हिपॅटायटिस बी. त्यासाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या लागतात, कारण जुना, दबलेला विषाणू या औषधांखाली पुन्हा डोकं वर काढू शकतो. दुसरी टीबी. पूर्वी झाला होता का, घरात कोणाला आहे का, हे न लपवता सांगावं आणि छातीचा एक्स-रे काढावा. उपचारादरम्यान दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसली तर ‘औषधाची उष्णता’ म्हणून सोडून देऊ नये.

साखरेच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. त्यामुळे उपाशीपोटीचा रिपोर्ट ९५ येतो आणि सगळे निश्चिंत होतात, तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तीच साखर २५० असू शकते. पहिले काही आठवडे जेवणानंतरची तपासणी हवीच. हाडांसाठी सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), अन्नातलं धरून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. झोप न लागणं, चिडचिड, विनाकारण रडू येणं हेही औषधाचंच असू शकतं. घरच्यांना ते आधी सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात.

अझाथायोप्रिनचा धोका वेगळा आहे. काहींच्या शरीरात ते नीट मोडत नाही आणि अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी घसरतात. पाश्चात्त्य पुस्तकांत यासाठी टीपीएमटी (हे औषध मोडणारं एक एन्झाइम) तपासणीवर भर असतो, पण भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकातला बदल जास्त आढळतो. म्हणून शक्य असेल तर तीही तपासणी करून घ्यावी. सोय नसेल तर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि मग हळूहळू अंतर वाढवायचं. तपासणी चांगली आली तरी सीबीसी सुटत नाही. ताप आणि घसादुखी आली तर त्याच दिवशी सीबीसी. पहिल्या महिन्यातच केस मुठीने गळू लागले तर शांपू बदलत बसू नये, तोही अनेकदा याच जनुकातल्या बदलाचा इशारा असतो. मळमळ पहिल्या आठवड्यांत होते आणि गोळी जेवणानंतर घेतल्यावर बऱ्याचदा आटोक्यात येते. पाठीकडे जाणारी पोटदुखी आणि उलट्या मात्र स्वादुपिंडाला सूज आल्याच्या असू शकतात, मग औषध थांबवून दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट ठळक लिहून ठेवावी: युरिक अ‍ॅसिडसाठी दिलं जाणारं अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट अझाथायोप्रिनबरोबर घेतलं तर अझाथायोप्रिन शरीरात साचत जातं आणि जिवावर बेतू शकतं. अंगठा सुजला म्हणून दुसरे डॉक्टर ती गोळी सहज लिहून देतात, कारण पहिली गोळी चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

रिपोर्टची फाईल जाड होत जाते, पण नजर तीन आकड्यांवर ठेवली तरी बरंच कळतं: एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजी. वहीच्या एका पानावर तारीख, हे तीन आकडे आणि त्या दिवशीचा स्टेरॉईडचा डोस असे रकाने करावेत. समजा एसजीपीटी ६४० वरून २१०, मग ७०, मग ५२ झाला आणि तिथेच अडकला. ‘आता जवळजवळ नॉर्मल’ म्हणून समाधान मानू नये. उपचाराचं लक्ष्य सहा महिन्यांच्या आसपास तिन्ही आकडे पूर्ण नॉर्मल करणं हे आहे, कारण थोड्या वाढलेल्या आकड्यांखालीही तंतुमय जाळं वाढत राहतं. अडकलेल्या ५२ चा अर्थ लावायला आयजीजी उपयोगी पडतं. तेही वाढलेलंच असेल तर आजार अजून धुमसतोय, किंवा गोळ्या चुकताहेत. आयजीजी नॉर्मल आणि वजन मात्र आठ किलोंनी वाढलेलं असेल, तर स्टेरॉईडच्या भुकेने आलेलं फॅटी लिव्हरही कारण असू शकतं. पहिल्या बाबतीत डोस वाढवावा लागेल, दुसऱ्यात तो वाढवणं उलट बाधेल. यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅनही घाईने करू नये. सुजलेलं यकृत कडकच लागतं आणि यंत्र नसलेला सिरॉसिस दाखवतं. उपचाराचे किमान सहा महिने झाल्यावरचा आकडा जास्त भरवशाचा.

आता पथ्य. काविळीचं नाव निघालं की तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ बंद आणि दिवसाला चार ग्लास उसाचा रस, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. या आजारात ते नुसतं निरुपयोगी नाही, अपायकारक आहे. स्टेरॉईड स्नायू झिजवतं, म्हणून डाळ, अंडी, दूध, पनीर, मासे यांतून प्रथिनं वाढवायला हवीत. उसाच्या रसाने आधीच चढणारी साखर आणखी चढते. फोडणीतली हळद आणि बेताचं तेल चालतं. मीठ कमी करावं, पोटात पाणी झालं असेल तर काटेकोरपणे. दारू बंद. भाकरी-आमटी-भाजी खाणाऱ्या घरात रुग्णासाठी वेगळी चूल मांडायची गरज नाही.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोष्टींना. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तर २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची. त्यांतल्या अनेकांच्या रक्तात आणि बायोप्सीत ऑटोइम्यून आजारासारख्याच खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देण्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद गाजला. रुग्णाने मात्र त्या वादाच्या निकालासाठी थांबू नये. जिथे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे, तिथे तिला चेतवायचा उद्योग कशाला? अश्वगंधा, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क आणि वजन उतरवणाऱ्या पावडरी यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. निदानापूर्वी यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. औषधाने झालेली इजा हुबेहूब या आजारासारखी दिसू शकते आणि तशी ती असली तर उपचाराचा काळच बदलतो.

लसींपैकी हिपॅटायटिस ए आणि बी, न्यूमोकोकल आणि दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी. गोवर-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर अशा जिवंत लसी या औषधांवर असताना टाळतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. सिरॉसिस असेल तर दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मात्र सिरॉसिसमध्ये नकोत. सिरॉसिस असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही लागते, कर्करोगाची गाठ लहान असताना सापडावी म्हणून.

मूल हवं असेल तर ते आधी बोलून ठेवावं. अझाथायोप्रिन गरोदरपणात बहुतेक वेळा चालू ठेवतात. काहींना त्याऐवजी दिलं जाणारं मायकोफेनोलेट मात्र गर्भाला घातक आहे, ते काही आठवडे आधीच बदलावं लागतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आजार उसळण्याची शक्यता जास्त, नेमक्या त्याच वेळी आईच्या तपासण्या बाळाच्या लसीकरणामागे राहून जातात. नवीन सासरी डबी दिसू नये म्हणून गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत यकृताला मोजावी लागते. लग्न ठरतानाच सांगून टाकलेलं बरं.

सलग तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉईड एकदम सोडता येत नाही. तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक तुटवडा पडला की रक्तदाब कोसळू शकतो. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, ते इंजेक्शनने देता येतं. डोळे पुन्हा पिवळे होणं, पोट फुगणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात असंबद्धपणा, यांपैकी काहीही दिसलं तर यकृतरोगतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. कावीळ आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) दोन्ही वाढत असतील तर प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क लवकर केलेला बरा.

गोळ्या कधी सुटतील? किमान तीन वर्षं उपचार आणि त्यात शेवटची किमान दोन वर्षं तिन्ही आकडे सलग नॉर्मल, यापूर्वी हा विषयच काढत नाहीत. तरीही बंद केल्यावर निम्म्यांहून जास्त जणांमध्ये, काही अभ्यासांत तर दहापैकी नऊ जणांमध्ये, आजार परत येतो आणि बहुतेकदा पहिल्याच वर्षात. म्हणून बंद केल्यावर तपासण्या कमी होत नाहीत, सुरुवातीला उलट वाढतात. परत आला तर सहसा तीच औषधं पुन्हा लागू पडतात. त्यानंतर बहुतेकांना अझाथायोप्रिनचा छोटा डोस कायम चालू ठेवायला सांगतात.