शरणागती (व्यसनमुक्ती)

मद्यासक्तीतून बाहेर पडताना, ‘दारूवर माझा ताबा चालत नाही’ हे नुसते बोलून न दाखवता मनोमन मान्य करणे, या अवस्थेला शरणागती म्हणतात. ही संकल्पना रुजवली अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए. ए.) या मद्यासक्तांच्या परस्परसाहाय्य संघटनेने, जी अमेरिकेतील अक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या १९३५ मधील भेटीतून उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीत हतबलतेची कबुली आहे, तिसरीत आपली इच्छा ‘आपल्याला उमगलेल्या’ ईश्वरावर सोपवण्याचा निर्णय, तर सातवीत आपले दोष दूर व्हावेत अशी नम्र विनवणी.

पिणारा माणूस दारूशी झगडतच नाही, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात तो रोज झगडत असतो. शनिवारखेरीज घ्यायची नाही, देशी सोडून फक्त बिअर, पोळ्याची कर आटोपली की कायमची बंद, असे नियम तो स्वतःला घालून घेतो आणि एक मोडला की त्याहून कडक दुसरा करतो. मनोविकारतज्ज्ञ हॅरी टीबाउट यांनी शरणागती आणि वरवरचा होकार यांत केलेला फरक येथे मोलाचा आहे. घरच्यांच्या आग्रहाखातर मान डोलावणारा माणूस ‘पुढे कधीतरी प्रमाणात घेता येईल’ असा एक कोपरा मनात राखून असतो, आणि संकट ओसरले की त्याचा होकारही ओसरतो.

नागपुरात या संकल्पनेला एक वेगळी कसोटी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि बौद्ध पंचशीलातील मद्यापासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाचा शेवट ‘समादियामि’, म्हणजे ‘मी स्वीकारतो’, या शब्दाने होतो. हा निर्धार माणूस स्वतःच्या बळावर करतो, त्यात ईश्वराकडे मागणे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकायला लावले गेले, त्यांच्या घरातल्या माणसाला ‘शरण जा’ हा शब्द टोचला, तर त्यात नवल नाही. मात्र दुसऱ्या पायरीत फक्त ‘आपल्याहून मोठी शक्ती’ म्हटले आहे, आणि ईश्वर न मानणारे अनेक सदस्य ती शक्ती आपल्या समूहातच पाहतात. पंचशीलाच्या आधी म्हटले जाणारे ‘संघं सरणं गच्छामि’ त्यापासून फार दूर नाही. शिवाय ही शरणागती कोणा माणसापुढे पत्करायची नसते, म्हणून तिला लाचारी समजणे चूक ठरते.

नम्रता दिसते ती वागण्यातून. मीटिंगमध्ये प्रत्येक जण केवळ पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ अशी सुरुवात करतो. पंधरा वर्षे न प्यायलेलाही ‘होतो’ म्हणत नाही. हुद्दा, जात, शिक्षण यांचा उल्लेख होत नाही, आणि कोर्टात वकिली करणारा माणूस रिक्षाचालकाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकतो. आठवी-नववी पायरी याहून अवघड आहे, कारण ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारात जाऊन ते भरून द्यावे लागते, आणि समोरचा क्षमा करील याची खात्री नसते.

‘हतबल’ हा शब्द माणसाला, विशेषतः आधीच दबलेल्या स्त्रीला, आणखी दुबळे करतो, असा आक्षेप आहे व तो विचारात घेण्याजोगा आहे. परिणामांबाबत मात्र वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, २७ अभ्यास तपासून, बारा पायऱ्यांवर आधारित सुनियोजित उपचार संपूर्ण मद्यत्यागासाठी इतर प्रस्थापित उपचारांच्या तुलनेत सरस आढळले. तरीही शरणागती वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, त्यामुळे डॉक्टरांची देखरेख हवी.

ताबा सोडणे कुटुंबालाही शिकावे लागते. नवरा दारात आला की तोंडाचा वास घेणे, खिसे चाचपणे, बाटली मोरीत ओतणे, ‘ताप आहे’ असे त्याच्या ऑफिसात कळवणे, यांत पत्नीची वर्षे जातात. अशा कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना सुरू झाली. तिच्याही पायऱ्या बाराच आहेत, आणि पहिल्या पायरीतील कबुली तीच आहे.